सरासरी ९५ टक्के, तरी गोवर त्याच वस्त्यांत का? विषमता मोजायची कशी आणि प्रतिसादात काय बदलायचं?

नोंदवही

एखाद्या भागाच्या लसीकरण अहवालात सरासरी ९५ टक्के दिसते आणि तरीही गोवराचा उद्रेक होतो. रुग्णांची यादी उघडली की पत्ते त्याच दोन-तीन वस्त्यांचे निघतात. मग कारणाच्या रकान्यात ‘जनजागृतीचा अभाव’ लिहून फाइल बंद होते. पुढच्या उद्रेकात तीच वस्ती असते आणि रकान्यात तेच कारण.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गरिबी आणि दाटीवाटी यांमुळे रोग ‘जास्त होतो’ हे सगळेच म्हणतात, पण नेमका कुठून कुठून होतो? ही विषमता आकड्यांत पकडायची कशी, म्हणजे केवळ ‘श्रीमंत वस्तीत कमी, गरीब वस्तीत जास्त’ याच्या पुढे जाऊन? आणि उद्रेक सुरू असताना मोजके दिवस आणि मोजकी माणसं हाताशी असतील तर आधी काय बदलावं?

उदाहरण गोवराचंच घ्यायला हवं असं नाही. क्षय, अतिसार, कोविड, जिथे पुरावा पक्का आहे ते चालेल.

साथचिकित्सक

‘जनजागृतीचा अभाव’ हे कारण सगळ्यात शेवटी लिहायचं असतं, कारण ते लिहिलं की शोध थांबतो. आधी हिशेब करा.

सगळेच असंरक्षित असतील तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो. साखळी तुटायला ९२ ते ९४ टक्के लोक खरोखर संरक्षित लागतात. लस टोचलेले आणि संरक्षित हे दोन वेगळे आकडे आहेत. ९व्या महिन्यात दिलेली मात्रा सुमारे ८५ टक्के बाळांना लागू पडते, वर्ष पूर्ण झाल्यावर दिलेली ९५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ९५ टक्के बाळांना ९व्या महिन्यात एकच मात्रा मिळाली तर संरक्षित किती? ०.९५ गुणिले ०.८५, जेमतेम ८१ टक्के. दुसऱ्या मात्रेला अनेक जण ‘बूस्टर’ म्हणतात, तेच चुकतं. पहिली ज्यांना लागू पडली नाही त्यांच्यासाठी ती दुसरी संधी असते. ही संधी हुकते ती मुख्यतः कामासाठी जागा बदलत राहणाऱ्या कुटुंबांची.

आता सरासरी. समजा १० टक्के लोकसंख्या एका वस्तीत आहे आणि तिथे लसीकरण ६० टक्के आहे. उरलेल्या ९० टक्के लोकसंख्येत ते ९८.९ टक्के असेल, तर एकूण सरासरी बरोबर ९५ येते. विषाणू सरासरीत फिरत नाही, तो त्या ६० टक्क्यांच्या वस्तीत फिरतो. तिथली मुलं एकमेकांत खेळतात, एकाच नळावर येतात, एकाच खोलीत झोपतात. असंरक्षित मुलं सगळीकडे विखुरलेली असती तर याच ९५ टक्क्यांनी बराच आधार दिला असता.

तुमचा पहिला प्रश्न ‘नेमका कुठून’ असा आहे. चार दारं आहेत आणि प्रत्येक दारावर विषमता वेगळ्या रूपात उभी असते.

पहिलं दार संसर्गाचं. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. खोलीमागे तीनपेक्षा जास्त माणसं असली तर संयुक्त राष्ट्रांच्या निकषाने ती दाटी धरली जाते. दाटी केवळ लागण वाढवत नाही, ती लागणीचं वयही खाली आणते. आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) ओसरली आहेत आणि ९वा महिना अजून यायचा आहे, त्या मधल्या महिन्यांत बाळ सापडतं. वेळापत्रक तेच असूनही दाट वस्तीत ते उशिराचं ठरतं. म्हणूनच उद्रेकात ६व्या महिन्यापासून एक जादा मात्रा देतात. ती ‘शून्यावी’ धरायची, नियमित दोन मात्रांत मोजायची नाही. इथे नोंदीत हमखास घोळ होतो आणि पुढे त्या बाळाची एक मात्रा कायमची बुडते.

दुसरं दार रोग किती तीव्र होईल याचं. इथे कुपोषण आहेच, पण एक बाब अनेकदा सुटते. गिनी-बिसाउमधल्या १९७९ च्या साथीचा पीटर आबी यांनी अभ्यास केला तेव्हा असं दिसलं, की घरातल्याच दुसऱ्या मुलाकडून लागण झालेली मुलं जास्त दगावत होती. बाहेरून लागण झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण त्या मानाने कमी होतं. एकाच खोलीत, दिवसरात्र, विषाणूचा मोठा भार आत जातो. म्हणजे दाटी लागण तर करतेच, शिवाय आजार अधिक जीवघेणा करते.

तिसरं दार उपचाराचं. गोवराच्या प्रत्येक मुलाला ‘अ’ जीवनसत्त्व लागोपाठ दोन दिवस द्यायचं असतं: ६ महिन्यांखाली ५० हजार एकक, ६ ते ११ महिन्यांत १ लाख, त्यापुढे २ लाख. डोळ्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणं असतील तर ४ ते ६ आठवड्यांनी तिसरा डोस. पहिल्या दिवशीचा केंद्रावर मिळतो. दुसऱ्या दिवशीच्या डोससाठी पुन्हा रोजगार बुडवून यावं लागतं आणि तो राहून जातो. दुसरा डोस घरी नेऊन देणारं माणूस आराखड्यात नसेल तर नोंदीत ‘उपचार पूर्ण’ दिसूनही ते अर्धेच झालेले असतात.

चौथं दार परिणामांचं: बुडालेली मजुरी, कर्ज, शाळा सुटणं. क्षयाच्या बाबतीत याला मोजमाप आहे. आजारामुळे झालेला सगळा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न मिळून कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेलं, की जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘आपत्तीजनक खर्च’ म्हणते. औषध मोफत असूनही कुटुंबं ही रेषा ओलांडतात, कारण मोठा भाग प्रवासाचा, निदान होईपर्यंतच्या फेऱ्यांचा आणि बुडालेल्या कामाचा असतो.

‘लस सगळ्यांना सारखीच’ असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पोलिओ विषाणूच्या तिन्ही प्रकारांवर तोंडावाटे द्यायच्या लसीचा पहिल्या प्रकारावरचा प्रभाव २००६ साली मोजला गेला. उत्तर प्रदेशात तो दर मात्रेमागे सुमारे ९ टक्के निघाला आणि उर्वरित भारताच्या मोठ्या भागात २१ च्या आसपास. लस तीच, थेंब तेवढेच. वारंवार जुलाब आणि आतड्यांत आधीच असलेले इतर विषाणू यांमुळे थेंब लागू पडत नव्हते. सांडपाण्याची विषमता लसीच्या आत शिरते ती अशी. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ विकासखंड (ब्लॉक) निवडून तिथे लसीबरोबर स्वच्छता, पाणी, अतिसारावर ओआरएस आणि जस्त यांचं काम जोडलं गेलं. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात नोंदला गेला. हा निव्वळ लसीचा विजय म्हणून सांगितला जातो, ते अर्धवट आहे.

छेद_आणि_अंश

मोजमापाबद्दल लिहितो. बहुतेक चुका सूत्रात होत नाहीत, त्या छेदात होतात.

लसीकरणाच्या टक्केवारीत अंश म्हणजे टोचलेली मुलं आणि छेद म्हणजे ‘अपेक्षित’ मुलं. जी वस्ती नोंदीत नाही तिथली मुलं छेदातच नसतात. बांधकामावरची पालं, वीटभट्टी, पुलाखालची घरं, नुकतीच वसलेली झोपडपट्टी. त्यांना कुणी टोचलं तर अंश वाढतो आणि टक्केवारी १०० च्या वर जाते. नाही टोचलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. म्हणून १०० च्या वरची टक्केवारी दिसली की आनंद मानू नका, आधी नकाशा काढा.

दुसरी फसगत रुग्णसंख्येची. नोंदलेले रुग्ण म्हणजे लागण गुणिले तपासणीपर्यंत पोचण्याची शक्यता गुणिले नोंद होण्याची शक्यता. समजा एका वस्तीत १०० लागणी आहेत आणि दहापैकी एकच नोंदली जाते, तर आकडा १०. दुसऱ्या भागात ४० लागणी आहेत आणि निम्म्या नोंदल्या जातात, तर आकडा २०. नकाशावर दुसरा भाग दुप्पट लाल दिसणार आणि पथकं तिकडे जाणार. हे टाळायला प्रत्येक भागाची तपासण्यांची संख्या आणि तपासण्यांमागे बाधित किती हे शेजारी मांडा. जिथे तपासण्या कमी आणि बाधितांचं प्रमाण जास्त, तिथे लागण लपलेली आहे. शक्य असेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण करा, कारण ते ‘कोण तपासणीला आलं’ यावर अवलंबून नसतं. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत असं सर्वेक्षण झालं: झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं, त्याच प्रभागांतल्या बाकीच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. नोंदलेल्या रुग्णांवरून एवढी दरी कळली नसती.

आता निर्देशांक. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटातला फरक सगळे काढतात. तो काढाच, पण त्यात मधले गट गायब होतात आणि गटांचा आकार धरला जात नाही. त्यावर उपाय ‘उताराचा निर्देशांक’. समजा पाच गट आहेत, गरिबाकडून श्रीमंताकडे, लोकसंख्येतला वाटा ३०, २५, २०, १५, १० टक्के आणि लसीकरण ७०, ७८, ८४, ९०, ९४ टक्के. प्रत्येक गटाला त्याच्या वाट्याच्या मध्याचं स्थान द्या. पहिल्या गटाचा वाटा ० ते ०.३०, मध्य ०.१५. दुसऱ्याचा ०.३० ते ०.५५, मध्य ०.४२५. पुढचे ०.६५, ०.८२५, ०.९५. मग लोकसंख्येचा भार देऊन या स्थानांवर लसीकरणाची सरळ रेषा बसवा. उतार २९.५ येतो. याचा अर्थ, समाजाच्या अगदी तळापासून अगदी टोकापर्यंत जाताना लसीकरण साडेएकोणतीस टक्केबिंदूंनी वाढतं. साधा फरक मात्र २४ च दाखवतो. याच आकड्यांचा ‘संकेंद्रण निर्देशांक’ (लसीकरण श्रीमंतांकडे किती झुकलं आहे ते सांगणारा, ० म्हणजे झुकाव नाही) ०.०५८ येतो: स्थान आणि लसीकरण यांच्या सहप्रसरणाची (दोन्ही सोबत किती बदलतात त्या मापाची) दुप्पट भागिले सरासरी, म्हणजे ४.६५ भागिले ८०.२. हा छोटा दिसतो, पण हो-नाही स्वरूपाच्या बाबींत सरासरी १०० कडे गेली की तो आपोआप आकसतो. त्याला १ वजा सरासरीने (इथे ०.१९८) भागलं की ०.२९ मिळतो. दोन भागांची तुलना करायची असेल तर हाच वापरा, नाहीतर जिथे लसीकरण जास्त तिथे समताही जास्त असा खोटा निष्कर्ष निघतो.

निरपेक्ष फरक आणि गुणोत्तर, दोन्ही छापा. समजा बालमृत्यू दर हजारी गरिबांत ८० वरून ४० वर आला आणि श्रीमंतांत २० वरून ८ वर. फरक ६० वरून ३२, म्हणजे विषमता घटली. गुणोत्तर ४ वरून ५, म्हणजे वाढली. दोन्ही खरं आहे. एकच छापणारा अहवाल वाचकाला अर्धं चित्र देतो.

गट पाडण्यासाठी घरातल्या वस्तूंवरून संपत्तीचा निर्देशांक काढतात, त्यातही खड्डा आहे. शहर आणि गाव एकत्र धरून काढला तर वीज, पंखा, टीव्ही यांमुळे झोपडपट्टीतली घरं वरच्या गटांत जाऊन बसतात. शहरासाठी तो वेगळाच काढा आणि वस्तूंबरोबर खोलीमागे माणसं, संडास किती घरांत मिळून, घराची मालकी हे धरा.

शेवटचं, नमुन्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचं जुनं ३० गुणिले ७ सर्वेक्षण (३० समूह, प्रत्येकी ७ मुलं, एकूण २१०) एका भागाची एकच टक्केवारी सुमारे १० बिंदू इकडेतिकडे सांगण्यासाठी होतं. त्याच २१० मुलांतून गरीब-श्रीमंत फरक काढणं म्हणजे आकड्यांना न पेलणारं ओझं. ८० आणि ७० टक्क्यांमधला फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे २९० मुलं लागतात आणि समूहनिवडीमुळे ती दुप्पट, म्हणजे सुमारे ५८०. एवढं शक्य नसेल तर पूर्ण भागाचं सर्वेक्षण सोडा आणि संशयित वस्त्यांत घरोघर जाऊन मोजा. अर्धवट नमुन्यापेक्षा ते जास्त कामाचं.

शीतसाखळी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्रेकाच्या पहिल्या आठवड्यात विभागून सांगतो.

आधी शून्य मात्रा आणि गळती वेगळी करा. ज्या मुलाला घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची पहिलीही मात्रा नाही, ते ‘शून्य मात्रेचं’ मूल, म्हणजे सेवा तिथवर पोचलेलीच नाही. पहिली आहे पण तिसरी नाही, ती गळती: कुटुंब एकदा आलं होतं, नंतर काहीतरी बिनसलं. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर दोष सत्राच्या वेळेत, वागणुकीत, साठ्यात किंवा स्थलांतरात शोधा. शून्य मात्रेची मुलं जास्त असतील तर आधी नकाशा आणि यादी. या दोन वस्त्यांना एकच उपाय दिला तर दोन्हीकडे वाया जातो.

मग लसीकरण सत्रांची नोंदवही. गेल्या १२ महिन्यांत त्या वस्तीत सत्रं किती ठरली, किती झाली, रद्द झालेली का रद्द झाली. दुर्गम किंवा बेकायदा ठरवलेल्या वस्तीतलं सत्र सगळ्यात आधी रद्द होतं आणि सगळ्यात शेवटी पुन्हा लागतं. वेळही तपासा. सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत रोजंदारीवरचे आईवडील दोघंही घरी नसतात. संध्याकाळचं एक सत्र हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

कुपीचा प्रश्न फार कमी लोक लिहितात. गोवराची लस भुकटीच्या स्वरूपात येते आणि पातळ केल्यावर ६ तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. कुपी १० मात्रांची असते. छोट्या वस्तीत दोनच बाळं आली तर ‘आठ वाया जातील’ म्हणून कार्यकर्ती पुढच्या वेळी या असं सांगते. वाया गेलेल्या मात्रांचा जाब तिला विचारला जातो, परत पाठवलेल्या बाळांचा नाही, मग ती दुसरं काय करणार? एका बाळासाठीही कुपी उघडायची असा लेखी आदेश द्या आणि वाया जाण्याची मर्यादा छोट्या वस्त्यांपुरती काढून टाका.

संपर्कांना लस रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांत मिळाली तरच रोग टळण्याची आशा. रुग्ण पुरळ येण्याआधी ४ दिवसांपासून संसर्गजन्य असतो, म्हणजे पुरळ दिसेपर्यंत घरातल्यांचा अवधी बहुधा संपलेला असतो. तेव्हा शेजारची घरं आणि पुढची गल्ली हे खरं लक्ष्य. इथे दर दिवस मोलाचा आहे. त्यामुळे पुरळ ते सूचना हे दिवस वस्तीनिहाय मोजा. लोक पहिल्यांदा जिथे जातात तो जवळचा दवाखाना, औषधाचं दुकान, वैदू, यांना सूचना देण्याचा सोपा फोन क्रमांक द्या आणि सूचना दिल्याबद्दल कुणाचीही चौकशी होणार नाही याची हमी द्या.

ओळखपत्र मागू नका. लस किंवा ओआरएसला ओळखपत्राची गरज नसते, नोंदीला असते, आणि नोंद मोहल्ला, मुकादम, पालाचा क्रमांक यांवरही होते. ‘पत्ता दाखवा’ म्हटलं की बेकायदा वस्तीतली माणसं घर पाडण्याच्या भीतीने मागे फिरतात.

पाण्याच्या साथीत मोजमाप आणखी सोपं आहे. आपत्तीच्या काळातले किमान निकष: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, २० माणसांमागे एक संडास, पाणी ५०० मीटरच्या आत, रांग ३० मिनिटांपेक्षा जास्त नको. नळाच्या टोकाला उरलेलं क्लोरिन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. ते टाकीपाशी मोजून ‘ठीक’ लिहितात, पण जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जिथे दाब कमी आणि गळती जास्त, तिथे ते शून्य असतं. ते टोक बहुधा गरीब वस्तीत असतं. नमुना तिथून घ्या, आणि घरातल्या हंड्यातूनही. पाणी साठवावं लागतं तिथे नळाचा आकडा पुरत नाही.

विलगीकरणाबद्दल एकच. पैसा, शिधा आणि घरच्यांची सोय हे आदेशाच्या दिवशीच हातात पडलं पाहिजे. १४ दिवस कमाई बंद आणि भरपाई तीन महिन्यांनी, असा आदेश पाळणं रोजंदारीवरच्या माणसाला शक्यच नसतं. मग तो लक्षण लपवतो आणि अहवालात ‘असहकार’ लिहिलं जातं.

नोंदवही

कुपीचा मुद्दा डोक्यातही नव्हता, आभार. एक अडचण मात्र उरतेच. वस्तीनिहाय आकडे काढले आणि जाहीर केले तर ती वस्ती ‘रोगाची’ म्हणून बदनाम होते, लोकांना कामावर घेत नाहीत. जाहीर केले नाहीत तर तिथे साधनं जात नाहीत. हे कसं सोडवतात?

साथचिकित्सक

आकडे दोन पातळ्यांवर ठेवा. काम करणाऱ्या पथकाकडे घर-गल्लीपर्यंतचे. जाहीर करताना प्रभाग किंवा तालुक्यापर्यंतचे, आणि ५ पेक्षा कमी रुग्ण असलेला रकाना झाकलेला. झाकताना काळजी घ्या: एकच रकाना झाकला आणि बेरीज उघडी ठेवली तर वजाबाकीने तो कळतो, म्हणून आणखी एक झाकावा लागतो. वस्तीचं नाव द्यावंच लागलं तर रोगाच्या आकड्याशेजारी सेवेचा आकडा छापा: रुग्ण इतके, रद्द सत्रं इतकी, एका नळावर माणसं इतकी. म्हणजे वाचणाऱ्याची नजर माणसांवरून सोयीवर जाते.

सक्तीचा मार्ग काय करतो हे आपल्याला १८९७ पासून माहीत आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरात घुसून झडत्या घेऊ लागले आणि रोग्यांना छावण्यांत नेऊ लागले. लोकांनी रोगी लपवले, प्रेतं गुपचूप हलवली. म्हणजे ज्या माहितीसाठी झडत्या होत्या तीच आटली. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वर्षी १० मार्चला रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच सावित्रीबाई फुले गेल्या, त्याची आठवण साथनियंत्रणाच्या चर्चेत क्वचित निघते. घर फोडून आत जाणारं पथक आणि रोग्याला उचलून दवाखान्यात नेणारं माणूस, दोन्ही एकाच साथीत होती. त्यांतलं दुसरं जिथे असतं तिथे रोगी लपवले जात नाहीत.

उतरंड

वरचं सगळं पटतं, फक्त एक दुरुस्ती. बोलणं पुन्हा पुन्हा ‘सर्वांत गरीब वस्ती’वर येतं. पण विषमता म्हणजे तळाचा एक खड्डा नाही, ती उतरंड आहे. १९६७ साली लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. सगळे नोकरदार, कुणीही उपाशी नाही, तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर थोडा थोडा जास्त. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं धरूनही निम्म्याहून कमी फरक उलगडला. फक्त तळाच्या १० टक्क्यांसाठी योजना केली तर त्याच्या जरा वरचे, आकड्याने कितीतरी जास्त, तसेच राहतात. म्हणून इंग्लंडमधल्या २०१० च्या मार्मट अहवालाने सेवा सगळ्यांसाठी, पण जिथे गरज जास्त तिथे जोर जास्त, असं सुचवलं. छेद_आणि_अंश यांनी दिलेल्या पाच गटांत सर्वांत खालचा गट ७० वर आहे, पण ७८ वाला दुसरा गटही गोवराच्या उंबरठ्याच्या फार खाली आहे. सूक्ष्म नियोजनात तोही यायला हवा.

आणखी एक. नवी सेवा आली की ती आधी सुस्थितीतल्यांपर्यंत पोचते, त्यामुळे दरी आधी वाढते आणि वरचा गट भरल्यावरच घटते. सेझार व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे ब्राझीलच्या आकड्यांवरून मांडलं. तेव्हा नव्या लसीच्या पहिल्या वर्षात दरी वाढलेली दिसली तर लस परत घ्यायची नाही. वाटपाचा क्रम उलटा करायचा: पहिला साठा शेवटी पोचणाऱ्या वस्त्यांना.

छेद_आणि_अंश

उतरंड यांचं बरोबर आहे, ७८ चा गट धरायलाच हवा.

क्षयाचं राहिलं, त्यात एक उपयोगी पेच आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासात गरीब रुग्णांचे दोन गट होते, एकावर आरोग्यधामात (सॅनेटोरियममध्ये) उपचार, दुसऱ्यावर दाटीच्या घरात, निकृष्ट आहारासह. बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं. त्यावरून जगभर आरोग्यधामं बंद होऊन घरच्या घरी उपचार सुरू झाले, आणि ते योग्यच झालं. पण सोबत ‘आहाराला महत्त्व नाही’ असाही अर्थ काढला गेला, तो चुकीचा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ दरम्यान २,८०० रुग्णांच्या घरांत चाचणी झाली. सगळ्या रुग्णांना पोषणाचा शिधा, आणि निम्म्या भागांत घरातल्या इतरांनाही. ज्या घरांत सगळ्यांना मिळाला तिथे कुटुंबीयांमध्ये नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. म्हणजे औषध रुग्णाला बरं करतं, आणि शेजारी झोपणाऱ्याला रोग होऊ नये यासाठी अन्न लागतं. प्रतिसाद आखताना ‘रुग्ण’ हे एकक बदलून ‘घर’ हे एकक करा: शिधा घरातल्या डोक्यांवर, वजन दर महिन्याला, पहिलं वजन उपचाराच्या पहिल्याच दिवशी. ते राहिलं तर पुढचं कशाशी ताडणार?

उपकरणंही एकदा पडताळा. बोटाला लावायचा प्राणवायूमापक गडद त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून दिसलं, की मापक ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असणं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. ‘९४ खाली तरच भरती’ अशी रेष आखली की ती सगळ्यांना सारखी लागू होत नाही. आकड्याबरोबर श्वासाचा वेग मोजा आणि काठावरच्या रुग्णाला परत पाठवू नका.

नोंदवही

कारणाच्या रकान्याऐवजी पुढच्या उद्रेकासाठी हा तक्ता करतोय, काही चुकत असेल तर सांगा. वस्ती. नकाशात होती की नाही. शून्य मात्रेची मुलं. पहिल्या-तिसऱ्या मात्रेतली तफावत. १२ महिन्यांत ठरलेली आणि झालेली सत्रं, रद्द होण्याचं कारण. सत्राची वेळ. परत पाठवलेली बाळं. पुरळ ते सूचना, दिवस. ‘अ’ जीवनसत्त्वाचा दुसरा डोस, दिला की नाही. खोलीमागे माणसं. केंद्रापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.

शीतसाखळी

अंतर मीटरमध्ये नको, मिनिटांत घ्या: घरातून निघून रांग, काम आणि परत घर, सगळं धरून, आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईच्या चालीने. ‘परत पाठवलेली बाळं’ कार्यकर्तीला विचारून भरू नका, ती लिहिणार नाही. सत्र सुटताना बाहेर पडणाऱ्या आयांना विचारा. आणि ‘दुसरा डोस’पुढे ‘कोणी नेऊन दिला’ असा एक रकाना वाढवा. तो रिकामा राहिला की डोस पोचला नाही असंच धरा.